कॅपॅसिटरच्या आत करंट जातो कुठून? (मॅक्सवेल, पंखा आणि आमची धाकटी)

खटका
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो. आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

माझं सोलापुरात पूर्व भागात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. छोटंच, पण बावीस वर्षं झाली. मिक्सर, कुलर, मागाच्या मोटारी, शेतातल्या मोटारी, सगळं येतं. एप्रिल लागला की निम्मं गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन येतं: "पंखा फिरायलाय की, पण वारं लागंना." बहुतेक वेळा कॅपॅसिटर उतरलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा दीडवर आलेला. नवा टाकला की पाच मिनिटांत माणूस मोकळा.

धाकटी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेतलंय. परवा दुकानात डबा घेऊन आली आणि जुना कॅपॅसिटर हातात घेऊन विचारते, "अप्पा, याच्या आत दोन्ही वायरी एकमेकींना जोडलेल्याच नसतात ना? मग करंट जातो कुठून?"

मी म्हटलं जातो की, पंखा फिरतोय ना. पण मग मलाच खुमखुमी आली. एक मेलेला कॅपॅसिटर फोडला. आत राळेसारखं भरलेलं, त्याच्या आत चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची गुंडाळी. उलगडत गेलो तर पट्टी संपेचना, दुकानातून पार रस्त्यापर्यंत गेली. दोन पट्ट्या एकावर एक, दोन्हींवर धातूचा इतका पातळ थर की नखानं निघतो. आणि खरंच, एक वायर एका थराला, दुसरी दुसऱ्या थराला. मधे प्लास्टिक. कुठंही जोड नाही.

बावीस वर्षं मी हे टाकतोय. करंट जातो कुठून, मला सांगता आलं नाही. तिच्या पुस्तकात वीज आणि चुंबकाची मॅक्सवेलची चार समीकरणं आहेत, त्यातल्या चौथ्यात याचं उत्तर आहे म्हणे. माझा आयटीआय झालाय, वायरमन ट्रेड. गणिताशिवाय कुणी समजावेल का?

मागचाबाक
डीसीला (एकाच दिशेच्या करंटला) अडवतो, एसीला (दिशा उलटसुलट होणाऱ्या करंटला) सोडतो. बारावीत एवढंच पाठ केलं आणि पास झालो. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

खटका
तेच मी तिला सांगितलं. म्हणाली, "अप्पा, हे उत्तर नाही, ही पाटी झाली."

मागचाबाक
पोरगी पुढं जाणार तुमची.

कडकभाकरी
खटकादा, सोपं आहे. कुणीच पलीकडं जात नाही. दारावर सोलापुरी चादर टांगलीय असं समजा. अलीकडून वारा आला की चादर पलीकडं फुगते, आणि पलीकडची हवा पुढं ढकलली जाते. वारा उलटला की चादर इकडं फुगते. हवा चादरीतून गेली नाही, पण दोन्ही बाजूंना वारं वाहिलं. एसी सेकंदाला पन्नास वेळा हेच करतो. एका थरावर इलेक्ट्रॉन साठतात, दुसऱ्यावरून तेवढेच निघून जातात, मग उलटं. डीसीत चादर एकदा ताणली की संपलं.

पंख्यापुरतं एवढं पुरे. मोटारीतल्या ज्या वायंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) कॅपॅसिटर जोडलेला असतो, तिला दुसऱ्या वायंडिंगच्या आधी करंट मिळतो, म्हणून फिरायची दिशा ठरते.

खटका
हे पटलं, आभारी आहे. वायंडिंगचं तर माहीतच आहे, कॅपॅसिटर मेला की पंखा नुसता गुणगुणतो, काठीनं ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरतो.

पण तिला चादर सांगितली तर तिचा पुढचा प्रश्न तयार. म्हणते, तारेतून करंट गेला की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बरोबर. पण पुस्तकात लिहिलंय की कॅपॅसिटरच्या मधल्या रिकाम्या जागेभोवतीही तेवढंच क्षेत्र असतं. तिथं तर इलेक्ट्रॉन नाहीतच. मग ते क्षेत्र कोण तयार करतं?

निवृत्तमास्तर
खटकाराव, तुमच्या मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. चौतीस वर्षं शिकवलं, असा प्रश्न वर्षाकाठी एखादाच यायचा. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

चारपैकी तीन समीकरणं तुमच्या टेबलावर रोज असतात. फक्त त्यांची ओळख करून दिलेली नाही.

पहिलं: विद्युतक्षेत्राच्या रेषा प्रभारापासून (चार्जपासून) निघतात आणि प्रभारावर संपतात. धन तिथं उगम, ऋण तिथं शेवट. एखाद्या बंद पृष्ठभागातून एकूण किती रेषा बाहेर पडल्या ते मोजलं की आत किती प्रभार आहे ते कळतं. हा गाउसचा नियम.

दुसरं: चुंबकाच्या रेषांना असा उगम नाही. स्पीकरचं चुंबक हातातून पडून दोन तुकडे झालेलं तुम्ही पाहिलं असेल. उत्तर ध्रुव एका तुकड्यात आणि दक्षिण दुसऱ्यात, असं कधी झालं का? प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव. जेवढ्या रेषा आत जातात तेवढ्याच बाहेर येतात, बेरीज कायम शून्य.

तिसरं फॅरेडेचं, १८३१ चं. कॉइलमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स (म्हणजे आरपार जाणाऱ्या रेषा) बदलला की कॉइलमध्ये व्होल्टेज येतं. त्यातलं उणे चिन्ह सांगतं की तयार झालेला करंट त्या बदलालाच विरोध करतो. तुमच्याकडे ग्रोलर आहे का?

खटका
आहे की! मास्तर, हे तुम्ही बरं काढलंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मिक्सरचं आर्मेचर शॉर्ट आहे का बघायला ग्रोलर लागतो. लोखंडी पट्ट्यांचा गाभा, वरून खाचेसारखा, खाली कॉइल. आर्मेचर खाचेत ठेवायचं, बटण दाबायचं, आणि हॅक्सॉचं जुनं पातं आर्मेचरच्या स्लॉटवर हलकेच धरून आर्मेचर हळूहळू फिरवत जायचं. चांगल्या स्लॉटवर काही होत नाही. शॉर्ट स्लॉट आला की पातं टर्रर्र करून थरथरतं, ओढलं जातं. बोटांना झिणझिण्या येतात. आर्मेचर कुठंच वायरीनं जोडलेलं नसतं, तरी.

म्हणजे हे फॅरेडे?

निवृत्तमास्तर
हेच फॅरेडे. खालच्या कॉइलचा फ्लक्स बदलतो, शॉर्ट झालेल्या वेढ्यांना बंद वाट मिळते, त्यांत करंट फिरतो, तो करंट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि पातं त्याला सापडतं. पातं उत्तर-दक्षिण बघत नाही, दोन्ही वेळा ओढलंच जातं, म्हणून ते सेकंदाला शंभर वेळा थरथरतं. शेवटचा भाग, म्हणजे करंटभोवती चुंबकीय क्षेत्र, हे चौथं समीकरण. १८२० मध्ये ओर्स्टेडनं तारेशेजारची होकायंत्राची सुई वळताना पाहिली, आणि लगेच अँपिअरनं त्याचं गणित बसवलं.

आता गोम. अँपिअरचा नियम म्हणतो: तारेभोवती एक बंद कडं काढा. त्या कड्यावर चुंबकीय क्षेत्र किती, हे कड्यातून आरपार जाणाऱ्या करंटवरून ठरतं. कडकभाकरींची चादर पुन्हा घेऊ, पण वेगळी. चौघांनी चादर कडांनी ताणून धरलीय, मधून तार आरपार गेलीय. तारेतला करंट चादरीला भेदून जातो. हिशेब जुळला.

आता त्याच कडा तशाच धरून चादर सैल सोडा. तिचा झोळ तारेच्या बाजूनं सरकत सरकत कॅपॅसिटरच्या दोन प्लेटांच्या (धातूच्या त्या दोन थरांच्या) मधून जाऊ दे. कडा त्याच, म्हणून कडांवरचं चुंबकीय क्षेत्रही तेच असायला हवं. पण आता चादरीला भेदून जाणारा करंट किती? शून्य. तार चादरीला लागतच नाही, झोळ प्लेटांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे.

एकाच कड्यासाठी दोन उत्तरं. म्हणजे नियम अपुरा.

मॅक्सवेलनं जे घातलं ते असं: प्लेटांच्या मधे करंट नसेल, पण विद्युतक्षेत्र आहे आणि ते बदलतंय. बदलणारं विद्युतक्षेत्रही करंटसारखंच चुंबकीय क्षेत्र देतं. क्षेत्र किती वेगानं बदलतं, त्याला एप्सिलॉन-नॉटनं (मोकळ्या जागेच्या एका ठरलेल्या आकड्यानं) गुणा, प्लेटांचं क्षेत्रफळ लावा, आणि उत्तर तारेतल्या करंटइतकंच येतं, पैशापैशाला. यालाच विस्थापन धारा म्हणतात. झोळ कसाही धरा, हिशेब जुळतो.

फॅरेडे म्हणाला बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युतक्षेत्र. मॅक्सवेल म्हणाला बदलत्या विद्युतक्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र. आता या दोघांना तारेची गरजच उरली नाही. एक दुसऱ्याला जन्म देत मोकळ्या जागेतून पुढं जाऊ शकतात.

वहीचंपान
मास्तरांकडून या लहरीचा वेग काढायचा राहिला, तो मी काढते! टीवायला आहे, कालच केलंय. म्यू-नॉट (चुंबकीय बाजूचा तसाच ठरलेला आकडा) म्हणजे ४ पाय गुणिले १० चा उणे ७ वा घात. एप्सिलॉन-नॉट ८.८५४ गुणिले १० चा उणे १२ वा घात. गुणाकार १.११२६ गुणिले १० चा उणे १७ वा घात. वर्गमूळ काढून उलटं केलं की २.९९८ गुणिले १० चा ८ वा घात मीटर प्रति सेकंद. प्रकाशाचा वेग! दोन्ही आकडे प्रयोगशाळेतल्या कॉइल आणि प्लेटांचे, त्यांत कुठंही दिवा नाही, आरसा नाही.

आमच्या पुस्तकात आहे की मॅक्सवेलनं १८६५ मध्ये चार समीकरणं मांडली आणि ती देखणी, सममित दिसावीत म्हणून विस्थापन धारेची टर्म (पद) घातली.

निवृत्तमास्तर
ताई, गणित शंभर टक्के. इतिहासात दोन दुरुस्त्या.

चार समीकरणं मॅक्सवेलची नाहीत. १८६५ च्या निबंधात वीस समीकरणं होती, वीस अज्ञात राशींची. आज टी-शर्टवर छापतात ती चार ओळींची मांडणी १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडनं केली. हा माणूस आधी तार कंपनीतला ऑपरेटर, कानानं अधू, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. खटकाराव, आयटीआयचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं, ती टर्म देखणेपणासाठी आली नाही. त्या काळी सगळ्यांप्रमाणे मॅक्सवेलही मानत होता की जागा ईथर नावाच्या माध्यमानं भरलीय. १८६१-६२ मध्ये त्यानं त्या माध्यमाचं यंत्रासारखं चित्र कल्पिलं: फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामधे छोट्या चाकांसारखे कण. ते माध्यम थोडं लवचीक धरल्यावर कण जागच्या जागी सरकतात, विस्थापन पावतात. नाव तिथून आलं. पुढं ईथर गेला, चाकं गेली, टर्म राहिली. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये विजेच्या मोजमापातून काढलेला आकडा सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर होता. फिझोनं दातेरी चाक फिरवून मोजलेला प्रकाशाचा वेग होता ३,१४,८५८. मॅक्सवेलनं हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर आहे असं म्हणायचं धाडस केलं. तो १८७९ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये त्या लहरी पाडून दाखवल्या, त्या त्याला पाहायला मिळाल्या नाहीत.

कडकभाकरी
मास्तर, एक शंका. कॅपॅसिटरमध्ये मधे प्लास्टिक आहे. त्यातले प्रभार थोडे इकडंतिकडं सरकतात, तोच करंट झाला की. रिकाम्या जागेला कशाला मधे आणायचं?

निवृत्तमास्तर
शंका रास्त आहे, अर्धी बरोबरही आहे. पंख्याच्या कॅपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीन असतं, त्याचा परावैद्युतांक (ते मधे घातल्यावर कॅपॅसिटरची साठवण किती पट होते तो आकडा) साधारण २.२. म्हणजे २.२ भागांतले १.२ भाग प्लास्टिकमधल्या प्रभारांच्या सरकण्याचे. उरलेला १ भाग प्लास्टिक काढून निर्वात पोकळी ठेवली तरी राहतो. तो एक भागच मॅक्सवेलचा खरा शोध. प्लास्टिकवर सगळं ढकललं तर सूर्याचा उजेड सोलापूरपर्यंत पोचणार नाही.

मागचाबाक
एप्रिलमध्ये थोडा कमी पोचला तरी चालेल.

खटका
मास्तर, रात्री दुकान बंद केल्यावर डोक्यात एक आलं. माझ्याकडे क्लॅम्प मीटर आहे. तो तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्रच पकडतो. जुन्या सामानात एक लांबुळका कॅपॅसिटर सापडला, एका टोकाला एक वायर, दुसऱ्या टोकाला दुसरी. त्याला बल्बबरोबर सिरीजमध्ये जोडला. क्लॅम्प अलीकडच्या वायरीभोवती: ०.१६ अँपिअर. पलीकडच्या वायरीभोवती: ०.१६. मग क्लॅम्पचा जबडा उघडून कॅपॅसिटरच्या पोटाभोवतीच लावला. तिथंही ०.१६! धाकटी नाचायलाच लागली. दिसली ना विस्थापन धारा?

निवृत्तमास्तर
खटकाराव, प्रयोग फार सुरेख. पण मला विरजण घालावं लागतंय, तिला हळूच सांगा.

तुमच्या कॅपॅसिटरमध्ये पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत. एक थर डाव्या टोकाला जोडलेला, दुसरा उजव्या. करंट डाव्या टोकानं शिरतो आणि पट्टीच्या रुंदीतून उजवीकडं सरकत जातो, वाटेत थोडा थोडा समोरच्या थराकडं जातो. ठीक मध्यावर निम्मा करंट एका थराच्या धातूतून वाहतोय, निम्मा दुसऱ्याच्या. म्हणजे तुमच्या जबड्यानं पकडला तो धातूतलाच साधा करंट. विस्थापन धारा आहे, पण ती गुंडाळीत आतून बाहेर, थरातून थराकडं जाते, जबड्यातून आरपार नाही.

खरा प्रयोग सपाट प्लेटांचा. आता कागदावरच करा, दोन थाळ्यांना मेन्सची वायर लावू नका, हात जोडतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या दोन थाळ्या, मधे १ सेंटिमीटर हवा. धारिता (कॅपॅसिटरची साठवण) साधारण ६३ पिकोफॅरड. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर करंट येतो साडेचार मायक्रोअँपिअर. तुमच्या क्लॅम्पचा शेवटचा आकडा ०.०१ अँपिअरचा असेल, तर हे त्याच्या दोन हजाराव्या हिश्श्याहून कमी. म्हणूनच फॅरेडेला, अँपिअरला ही टर्म कधी दिसली नाही. बदलाचा वेग वाढवला तरच ती अंगावर येते. त्याच थाळ्यांवर सेकंदाला पाच कोटी कंपनं असती तर दहा लाख पट, साडेचार अँपिअर. हर्ट्झ ठिणग्यांनी साधारण असल्याच वेगावर काम करत होता.

खटका
वाचून दाखवलं. जरा हिरमुसली. मग म्हणाली, "म्हणजे ५० हर्ट्झवर हवेतली विस्थापन धारा मोठी कधीच नसते का?" मला कुठं माहीत.

टॉवरखाली
असते. तुमच्या गावाजवळच असते.

मी ट्रान्समिशन लाईनच्या कामावर होतो. रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची (७६५ हजार व्होल्टची) लाईन सगळ्यांनी ऐकली असेल. ३१ डिसेंबर २०१३ ला याच लाईननं दक्षिणेचा ग्रीड (वीजवाहिन्यांचं जाळं) उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडला आणि सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर आला. सोलापूर म्हटलं की लोक चादर आणि शेंगाचटणी म्हणतात, मी हे सांगतो.

लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. आता एवढ्या लांब लाईनला फक्त एका टोकाकडून व्होल्टेज द्या. पलीकडचा ब्रेकर उघडा, म्हणजे पलीकडं लोड शून्य, करंट शून्य. तरी अलीकडचा अँमीटर शेकडो अँपिअर दाखवतो. आम्ही त्याला चार्जिंग करंट म्हणतो. नवीन पोरांना मी विचारायचो, एका टोकाला एवढा शिरला, दुसऱ्या टोकाला निघाला नाही, तर गेला कुठं? गळती शोधायला निघायचे बिचारे. तो तारेकडून तारेकडं आणि तारेकडून जमिनीकडं गेला, मधल्या हवेतून. एक प्लेट तार, दुसरी प्लेट शेजारच्या तारा आणि खालची जमीन. खटकादांचा कॅपॅसिटर, फक्त दोनशे किलोमीटरचा.

त्यामुळं उघड्या टोकाला व्होल्टेज पाठवणाऱ्या टोकापेक्षा जास्त भरतं. ते आवरायला लाईनच्या टोकांना शंट रिअॅक्टर ठेवतात, म्हणजे तेलात बुडवलेली भलीमोठी कॉइल. अशा लाईनखाली रात्री ट्यूबलाईट नुसती हातात उभी धरली तर मिणमिणते. वायर नाही, होल्डर नाही. कुणी करून बघू नका, सांगतोय फक्त.

निवृत्तमास्तर
टॉवरखाली, चौतीस वर्षांत हे उदाहरण मला सुचलं नाही. हवेचा परावैद्युतांक जवळजवळ १, त्यामुळं कडकभाकरींच्या प्लास्टिकची पळवाटही बंद. शेकडो अँपिअरची विस्थापन धारा, ५० हर्ट्झवर, उघड्या माळरानावर.

कडकभाकरी
मान्य. पळवाट सोडली.

खटका
टॉवरखाली साहेब, धाकटी विचारायलीय, एका किलोमीटरला धारिता किती धरायची?

टॉवरखाली
अशा लाईनला साधारण १३ नॅनोफॅरड धरा. आणि व्होल्टेज ७६५ घेऊ नका, फेज टू न्यूट्रल (दोन तारांमधलं नाही, एका तारेचं जमिनीच्या तुलनेतलं) घ्या.

खटका
तिनं माझ्या बिलबुकाच्या मागं केलंय, तसंच उतरवतो. ७६५ भागिले १.७३२ म्हणजे ४४२ केव्ही. गुणिले ३१४ (दोन पाय गुणिले ५० हर्ट्झ), गुणिले १३ नॅनो, एका किलोमीटरला १.८ अँपिअर. दोनशे किलोमीटरला ३६० अँपिअर. बरोबर आहे का?

टॉवरखाली
जवळपास बरोबर. तिला सांगा, रिअॅक्टर धरला नाहीस. तो जोडला की यातला बराचसा करंट रिअॅक्टरच पुरवतो आणि मीटरचा आकडा खाली येतो.

खटका
सांगितलं. आता रिअॅक्टर म्हणजे काय ते मला समजवायलीय, कॉइलबद्दल, मला! दारात दोन पंखे आणि एक कुलर ठेवून गेलेत लोक. दुपारी येतो परत.